काचेमागची गल्ली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, मंडळाचे कार्यवाह साहेब, आणि आमच्या जुन्या गल्लीतून आलेल्या शेजाऱ्यांनो! गल्ली पाडून तिथं रुंद रस्ता झाला, तरी आज या सभागृहातसुद्धा तुम्ही आपापला जुना शेजार धरूनच बसला आहात, हे पाहून फार बरं वाटलं.

आज जिचा सत्कार होतोय, ती माझी थोरली बहीण. ताईबद्दल चार शब्द बोल, असं मला सांगितलंय. चारात ती मावायची नाही. तिचा कलाप्रवास कसा सुरू झाला, हे पाहुण्यांनी सुंदर सांगितलं. पण खरं सांगू का? तो बोलणी खाऊन सुरू झाला. आई लोकांचे कपडे शिवायची. एका गिऱ्हाइकाच्या झग्याचा कागदी नमुना तिनं कापून ठेवला होता आणि ताईनं त्यात फुलं-पाखरं कोरून ठेवली! आई कडाडली, "पुन्हा कात्रीला हात लावलास तर बघ!" आणि दुसऱ्या दिवशी तिनंच रद्दीचा गठ्ठा आणि एक छोटी कात्री ताईपुढे आणून ठेवली. आमची आई ही अशी.

माझ्यामागे भिंतीवर आमची अख्खी गल्ली आहे, एकाच पांढऱ्या कागदातून कापलेली. आधी रेखाटन नाही, आणि फोटो तर कुणाकडेच नव्हते. मग हे सगळं आलं कुठून? सल्ले द्यायला शेजारी आले होतेच. पाववाले काका म्हणाले, "माझ्या दुकानाची पाटी जरा मोठी कर." काका, ती होती तेवढीच राहिली, रागावू नका. बाकी सगळं आईनं सांगितलं. तिची नजर आता पूर्ण गेली आहे. ती खुर्चीत बसून सांगायची आणि ताई कापायची. "जिन्याचा कठडा तिथं वाकलाय बघ. खिडकीत माझं मशीन. आणि दाराशी तुझ्या बाबांची सायकल, भिंतीला टेकवलेली. कितीदा सांगितलं, भिंतीचा रंग जातो म्हणून!" बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली, पण सायकलीवरून त्यांना बोलणी अजून बसतात.

काम पुरं झालं आणि मंडळानं मोठ्या प्रेमानं त्यावर काच बसवली. खाली पाटी लावली, 'हात लावू नये'. योग्यच आहे. पण काल आई म्हणाली, "सगळे म्हणतात छान झालंय. असेलच. मला कसं कळणार?" मला ते ऐकवलं नाही हो. जिच्या आठवणीतून ही गल्ली पुन्हा उभी राहिली, तिच्या बोटांना नुसती गुळगुळीत काच लागावी?

मी ताईला विचारलं, "आईचं बोट अडकून कुठं फाटलं तर?" ताईचा हात आता थरथरतो. असं काम तिच्याकडून पुन्हा व्हायचं नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. ती म्हणाली, "फाटलं तर फाटू दे. तिच्यासाठीच कापलंय."

असो. आपण सगळे आलात, मनापासून ऐकलंत, आपले आभार. बोलण्याच्या ओघात माझी जीभ कुठं घसरली असेल, तर सांभाळून घ्या. आणि कार्यवाह साहेब, माझा आणखी एक अपराध पोटात घाला. ती काच मी दुपारीच उतरवली आहे. घाबरू नका, कोपऱ्यात नीट ठेवली आहे.

आई, ऊठ. ताई, तिचा हात धर. आधी बाबांची सायकल दाखव.