विषय क्रमांक अडतीस

चिंचखार पोलीस ठाणे
अकस्मात मृत्यू नोंद चौकशीकामी जबाब
दिनांक १५/०४/२०२६, वेळ दुपारी ३.१०

नाव: बाळ महिपती केणे. वय: ५६ वर्षे. धंदा: बांधकाम साहित्याचे दुकान, नगरसेवक, प्रभाग क्र. ६, चिंचखार नगरपरिषद. राहणार: केणेपाडा, गावदेवी मंदिरामागे, चिंचखार, अंबरनाथ-बदलापूर रस्ता.

मला कोणी बोलावणे पाठवलेले नाही. मी आपण होऊन आलो आहे आणि समक्ष विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. मधली काही वर्षे प्रशासक होता ती सोडून ही माझी नगरसेवकपदाची तिसरी मुदत आहे. सभेचे कामकाज मला चांगले माहीत आहे. माहीत नव्हते, असे मी कोठेही म्हणणार नाही.

मयत सगुणाबाई भोईर, वय ५२, ही आमच्या पाड्यातली. समाजमंदिराच्या खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. मला ती बाळदादा म्हणायची. दिनांक २ फेब्रुवारी रोजी ती माझ्या दुकानावर आली. तिचा मुलगा चंदर, जो या कामी तक्रारदार आहे, याने लिहिलेला अर्ज तिच्याकडे होता. खोलीचा स्लॅब पोखरला आहे, गज दिसतात, पोरे दुसरीकडे बसवावीत, असा अर्ज होता. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत स्लॅबचे पडलेले तुकडे होते. ही पिशवी अर्जाला जोडायची का, असे तिने विचारले. मला हसू आले. पिशवी तुझ्याकडेच ठेव, अर्ज आवक विभागात दे, विषय मी सभेत घ्यायला लावतो, असे मी तिला सांगितले व त्याप्रमाणे विषय घ्यायला लावला.

दिनांक १३ मार्च रोजीच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका मला चार दिवस आधी घरपोच मिळाली. विषय ६३, पाने ९४. त्यात विषय क्रमांक ३८ असा: ‘केणेपाडा समाजमंदिरातील अंगणवाडी इतरत्र हलविणेबाबत प्राप्त अर्जावर निर्णय घेणे.’ एवढे मी वाचले. या विषयाची कार्यालयीन टिप्पणी पान ६१ वर होती. तिच्यात शेवटी असे लिहिले होते की, पर्यायी जागा नसल्याने सदर अर्ज दप्तरी दाखल करणेस हरकत नाही. दप्तरी दाखल म्हणजे कागद फाइलला लावायचा आणि कपाट बंद करायचे. सदरचे पान मी वाचले नाही. माझे लक्ष विषय क्रमांक ७ कडे होते. हनुमान नाक्यावरच्या चौकाला माझ्या वडिलांचे नाव देण्याचा तो विषय होता.

सभा अकराची होती, ती बारा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाली. अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष धर्मराज घरत होते. प्रेक्षकांच्या गॅलरीत सातआठ माणसे होती. सगुणाबाई दुसऱ्या बाकावर अंगणवाडीच्या साडीत बसली होती आणि मांडीवर तीच पिशवी होती. गॅलरीतल्या माणसाने ऐकायचे असते, बोलायचे नसते. तसा बोर्डच तेथे लावलेला आहे.

विषय क्रमांक ७ वर पन्नास मिनिटे चर्चा झाली. नाव द्यायला कोणाची हरकत नव्हती. ‘महिपती केणे चौक’ की ‘महिपतीशेठ केणे चौक’ यावर वाद होता. मी तीन वेळा उठून बोललो. शेवटी शेठ लागले. त्यानंतर जेवणाची वेळ होत आली. बाहेर पुलाव आला होता, त्याचा वास सभागृहात येत होता. अध्यक्षांनी विचारले की, विषय ३१ ते ४८ वाचले असे समजून मंजूर करायचे का? आम्ही बाके वाजवली व मंजूर, मंजूर असे म्हणालो. हे आमच्याकडे नेहमीचे आहे, कोणाला त्यात काही वावगे वाटत नाही. अठरा विषयांना किती वेळ लागला, असे हवालदारसाहेब विचारतात. सांगतो. माझ्यासमोर चहाचा कप ठेवला होता, तो निवलाही नव्हता.

ठरावाला एक सूचक व एक अनुमोदक लागतो. सभा लिपिक श्रीमती वृंदा जोगळेकर नावे लिहून घेत होत्या. ३८ ला अनुमोदक कोण, असे त्यांनी विचारले. माझ्या प्रभागातला विषय म्हणून मी हात वर केला. बाईंनी माझ्याकडे बघितले आणि विचारले, “केणेसाहेब, टिप्पणी बघितली ना?” मी म्हणालो, “बघितली, लिहा.” हे मी खोटे बोललो. तेव्हा मला ते खोटेसुद्धा वाटले नव्हते, इतकी त्याची सवय आहे.

जेवायला उतरताना जिन्यात सगुणाबाई उभी होती. आमच्यात जे बोलणे झाले ते मी आठवून जसेच्या तसे सांगतो, तसेच लिहावे.

ती म्हणाली, “बालदादा, माजा इषय कंदी घेनार? मी बसूनच हाय.”

मी म्हणालो, “झाला की. मंजूर झाला.”

“जाला? माजं नाव त नाय घेतलं कुनी.”

“अडतीस नंबर होता. सगळे एकदम घेतले.”

“मंग काय बोलले?”

“मंजूर बोललो ना बाई तुला.”

तिने मला हात जोडले. मग पिशवी पुढे करून विचारले, “आता ही टाकू ना?”

मी म्हणालो, “टाक.”

तिने ती पिशवी जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी जेवायला गेलो.

मंजूर झाले ते काय, हे तिने विचारले होते. मी सांगितले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. अर्ज मंजूर झाला असे ती समजली. प्रत्यक्षात अर्ज दप्तरी दाखल करणे मंजूर झाले होते. आमच्याकडे दोन्हीला मंजूरच म्हणतात.

दिनांक १९ मार्च रोजी गुढीपाडव्याला सगुणाबाई माझ्या घरी साखरेची गाठी घेऊन आली. तिच्या बोलण्यातून मला प्रथमच कळले की, तिने सभेआधी गावदेवीच्या विश्वस्तांना विचारून ठेवले होते आणि पाडव्यापासून पोरे देवळाच्या मांडवात बसवायला ते तयार झाले होते. ती म्हणाली, “मी त्याना नको बोलले आता. देवलात पोरा घान करतीन, मंग बोलनी कोन खाल? पालिकेचीच खोली भेटल, पंखा पन भेटल.” खोली कधी मिळेल असे तिने विचारले. आठदहा दिवसांत, असे मी सांगितले. विषयपत्रिका त्या वेळी आतल्या खोलीत टेबलावर होती. मी बसलो होतो तेथून सात पावलांवर. हे अंतर मी नंतर मोजले आहे.

दिनांक २ एप्रिल रोजी तिचे दोन फोन आले. मी बदलापूरला लग्नात होतो. दोन्ही फोन मी कापले व नंतर उलट केला नाही.

दिनांक ९ एप्रिल रोजी सकाळी मी उल्हासनगर कॅम्प ५ मध्ये बोर्ड रंगवणाऱ्याकडे होतो. चौकाच्या बोर्डावर त्याने ‘शेठ’ बारीक अक्षरात काढले होते, ते मोठे करून घेत होतो. अकरा पस्तीसला फोन आला. सव्वाबाराला मी समाजमंदिरापाशी पोहोचलो. खिचडीची वेळ असल्याने अकरा पोरे हात धुवायला बाहेर नळावर रांगेत होती, म्हणून ती वाचली. आत सगुणाबाई आणि हिमानी, वय ४, या दोघीच होत्या. हिमानीच्या चपलेचा बंद निघाला होता, तो सगुणाबाई लावत होती, असे पोरे सांगतात. स्लॅबचा अंदाजे सहा बाय आठ फुटांचा भाग खाली आला होता. सगुणाबाई जागीच मयत झाली. हिमानी रुग्णालयात आहे. तिच्या पायाचे डॉक्टरांनी अजून काही सांगितलेले नाही. खिचडीचे पातेले तेवढे शाबूत होते, झाकण लावलेले.

दिनांक ११ एप्रिल रोजी सायंकाळी ५ वाजता नगराध्यक्षांनी मला दालनात बोलावले. जोगळेकर बाईंकडून सभेचे इतिवृत्त आधीच काढून घेतले होते. त्या दाराजवळ उभ्या होत्या, त्यांना बसायला सांगितले नव्हते. धर्मराज घरत मला म्हणाले, “बाळशेठ, इतिवृत्त अजून कायम कुठे झालंय? ते पुढच्या सभेत कायम होणार. तोपर्यंत कच्चा कागद. कच्च्यात दुरुस्ती चालते.”

मी विचारले, “कसली दुरुस्ती?”

ते म्हणाले, “दप्तरी दाखलच्या जागी तात्काळ स्थलांतर. सभागृहाने तर मंजूर केलं होतं ना? तू स्वतः ओरडलास. पुढे ठराव पाठवायला ऑफिसने लेट केला, त्याला आपण काय करणार? बाई बघून घेतील.”

जोगळेकर बाई एवढेच म्हणाल्या, “साहेब, माझी दोन वर्षं राहिलीत.” नगराध्यक्षांनी पेन माझ्यापुढे सरकवले.

नवीन पान टाइप करून तयार होते. सूचकाची सही आधीच झालेली होती. अनुमोदक म्हणून मी सही केली. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, धमकी दिली नाही. मला सुटल्यासारखे वाटले, म्हणून केली. घरी येऊन मी पोटभर जेवलो, हेही लिहावे.

दिनांक १४ एप्रिल रोजी सायंकाळी चंदर माझ्या घरी आला. सभेने अंगणवाडी हलवायचे मंजूर केले होते, लिपिकाने कागद दाबून ठेवला, अशी बातमी त्याच्या मोबाइलवर आली होती. ठरावाच्या नव्या पानाचा फोटोही होता. तो मला म्हणाला, “दादा, तुमी त केला होता ना मंजूर. आई शेवटपरत बोलायची, बालदादान करून दिला. ती बाईच हरामी निघाली.” असे म्हणून तो माझ्या पाया पडला. त्याच्या डोक्यावरचे केस काढलेले होते. मी त्याला उठवले नाही.

चंदरने १६ तारखेला पुरवणी तक्रार देऊन त्यात जोगळेकर बाईंचे नाव लिहायचे ठरवले आहे, असे तो जाताना म्हणाला. त्यामुळे मी आज आलो. रात्रभर मला माझी लाज वाटली आणि भीतीही वाटली. लाज जास्त होती, असे म्हणायला मला आवडले असते.

सबब मी स्पष्ट सांगतो की, दिनांक १३ मार्चच्या सभेत विषय क्रमांक ३८ चा अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला. अनुमोदन मी दिले. स्थलांतराचा ठराव झाला नाही. नव्या पानावरची माझी सही ११ एप्रिलची आहे. जोगळेकर बाईंनी कोणताही कागद दाबला नाही, त्यांनी मला टिप्पणी वाचली का असे भर सभेत विचारले होते. मयताला मंजूर झाल्याचे मी सांगितले, ते जिन्यात, आम्ही दोघेच असताना. टिप्पणी न वाचताच सांगितले, ही गोष्ट आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. मी सांगितली नसती तर ती कोणत्याच दप्तरी दाखल झाली नसती. विषयपत्रिकेची माझी मूळ प्रत सोबत हजर करीत आहे. पान ६१ ला खूण केली आहे. चंदरला हे मी अजून सांगितलेले नाही. येथून उठल्यावर त्याच्याकडेच जाणार आहे.

जबाब लिहून झाल्यावर हवालदारसाहेब मला म्हणाले, “साहेब, वाचून दाखवला असं लिहितो, सही करा, तुम्हालाही घाई असेल.” मला घाई नाही, असे मी सांगितले. त्यांनी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचले. जिन्यातले बोलणे मी त्यांना दुसऱ्यांदा वाचायला लावले. सगळ्या वाचनाला वीस मिनिटे लागली. एक शब्दही बदलायचा नाही. सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे. या जबाबाचा सूचक मी. अनुमोदक कोणी नाही.

समक्ष
सही/-
बाळ महिपती केणे