‘अगं’पासून ‘अहो मॅडम’पर्यंत

...आणि वर मलाच विचारतात, एवढ्या मोठ्या बोटींच्या कारखान्यात दोन महिने काढून आलीस, मग तोंड असं पडलेलं का? आता काय सांगू, कुठून सांगू... बसा, सांगतेच. पण हसू नका.

त्याचं असं झालं, कॉलेजकडून इंटर्नशिप लागली ती थेट यॉट बांधणाऱ्या गोदीत. यॉट म्हणजे पैसेवाल्यांची फिरायची बोट, पांढरीशुभ्र, तिच्यात बघून भांग पाडावा अशी गुळगुळीत. घरी फोन केला तर आई म्हणाली, "म्हणजे तू बोटी डिझाइन करणार?" मी म्हटलं, "हं." बस, तेवढंच. एक ‘हं’. पण तो ‘हं’ आईने मावशीला सांगितला, मावशी गोदीपासून तासाभरावर राहते, तिने तो अख्ख्या सोसायटीला सांगितला, आणि आठवड्याभरात मी मुख्य डिझायनर झाले. आणि प्रत्यक्षात मी काय करत होते, सांगू तुम्हाला? घासत होते. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बोटीचं पोट घासत होते. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. फायबरची पूड अंगात अशी शिरते की रात्री स्वतःलाच घासावंसं वाटतं. हसू नका म्हटलं ना.

शिकवायला होते पॉलिशकाका. तीस वर्षं बोटी घासलेला माणूस. डोळे मिटायचे, बोटीच्या पोटावरून तळवा फिरवायचे आणि म्हणायचे, "अगं, इथे बघ, इथे खड्डा राहिलाय." मला दिवा धरूनही दिसायचा नाही. रोज सकाळी पूड आत जाऊ नये म्हणून बाहीवरून मनगटाला चिकटपट्टी गुंडाळावी लागते, आता डाव्या हाताला मी गुंडाळीन, पण उजव्याला कोण? काका म्हणायचे, "अगं, हात इकडे कर," आणि गुंडाळून द्यायचे, औषधाची पट्टी बांधावी तसे. हाताला फोड आले तेव्हा स्वतःचे हातमोजे मला दिले आणि दिवसभर उघड्या हाताने घासत बसले. मी ‘राहू द्या काका’ म्हटलं तर म्हणे, "गप गं, माझ्या हाताला आता काही कळत नाही."

रविवारी मात्र आमची चैन असायची. आम्ही इंटर्नशिपच्या तिघी मैत्रिणी फेरीबोटीने पलीकडे जायचो, दीपगृहाच्या पायऱ्या चढायचो, धक्क्यावर उभ्या असलेल्या यॉटसमोर फोटो काढायचो आणि घरी पाठवायचो. मी खाली काय लिहायचे? ‘ऑफिसबाहेर.’ तुम्हाला सांगते, खोटं बोलायला फार अक्कल लागत नाही.

तर एका रविवारी मावशी भेटायला आली. धक्क्यावर फिरवत होते तिला, आणि तिची टकळी चालू, "यातली तुझी कुठली गं? ती निळ्या पट्ट्याची का? आणि खिडक्या तूच काढल्यास? अशा तिरक्या कशाला काढल्यास?" मी आपली हं हं करत चाललेय, आणि समोर बाकावर कोण? पॉलिशकाका. धुतलेला शर्ट, शेजारी काकू, काकू संत्रं सोलतायत. मला बघून काका उठूनच उभे राहिले. "अगं, तू इथे? फोड बरे झाले का?" आणि काकूंना म्हणाले, "हीच ती. मी सांगत नव्हतो का?"

म्हणजे बघा, घरी जाऊन ते माझ्याबद्दल बोलत होते. काकूंनी लगेच अर्धं संत्रं पुढे केलं. आणि मी... आता हे मी कसं सांगू... मी म्हटलं, "तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी वर ऑफिसात असते." मावशीने विचारलं, "कोण गं हे?" मी म्हटलं, "माहीत नाही. असेल कोणीतरी कामगार." हळू नाही म्हटलं हो. चांगलं ऐकू जाईल असं म्हटलं.

काकूंचा हात तसाच. संत्र्याचा रस बोटांवरून ओघळतोय. काका मावशीला म्हणाले, "माफ करा हं. माझीच चूक झाली. वयामुळे नजर अधू झालीय." माझी लाज झाकायला तो माणूस स्वतः आंधळा झाला. आता तुम्ही हसत नाही, बघा.

सोमवारी मी घाबरत घाबरत गेले. वाटलं, रागावतील, चार शब्द सुनावतील, बरं होईल. छे. म्हणाले, "या मॅडम. चिकटपट्टी इथे ठेवलीय. अहो, पायाखाली बघून या, लांबी सांडलीय." अहो! मला! मी उजव्या हाताची पट्टी दातात धरून गुंडाळली, ती दुपारपर्यंत सुटली, पूड कोपरापर्यंत गेली. मंगळवारी मॅडम, बुधवारी मॅडम. खड्डा राहिला तरी ‘अगं, इथे बघ’ नाही, स्वतःच येऊन घासून जायचे. म्हणजे शिकवणंसुद्धा बंद. गुरुवारी मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. मला पूर्वीसारखं अगं म्हणा ना." ते हातातला पॉलिश पेपर झटकत म्हणाले, "मॅडम, अगं घरच्या पोरीला म्हणतात. घरच्यांसमोर आपली ओळख दाखवायला जिची पंचाईत होते, तिला अहोच बरं." आणि पुन्हा घासायला लागले. रागाने नाही हो. अगदी मऊ आवाजात.

मी त्याच संध्याकाळी मावशीला फोन केला, म्हटलं रविवारी ये, यायलाच पाहिजे. काका-काकू दर रविवारी त्याच बाकावर बसतात, हे मैत्रिणींनी चौकशी करून आणलं होतं. नेलं मावशीला ओढत, उभं केलं समोर आणि एका दमात म्हटलं, "मावशी, मी डिझाइन करत नाही, मी बोट घासते. हे मला शिकवतात. यांनी मला स्वतःचे हातमोजे दिले आणि मी यांना ओळखत नाही म्हटलं. मी खोटारडी आहे." बोलता बोलता रडूच आलं. काकू बाकावर सरकल्या, जागा केली, आणि मी बसले. बराच वेळ बसले.

निघताना काका मावशीला म्हणाले, "मॅडमचा हात चांगला तयार होतोय. शिकतील त्या." त्या! बाकावर जागा मिळाली, पण अगं काही परत मिळालं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत नाही. मीही पुन्हा मागितलं नाही. कुठल्या तोंडाने मागणार?

आता तुम्हाला वाटेल, निदान घरी तरी एकदाचं खरं कळलं. मावशीने धक्क्यावरूनच आईला फोन लावला, माझ्यासमोर. म्हणाली, "अगं, पोरीचं कौतुक करावं तेवढं थोडं. एवढी मोठी डिझायनर, पण हाताखालच्या माणसाची चारचौघांत रडून माफी मागितली. आणि वर सांगते काय, तर म्हणे, मी नुसती घासते."