सुतळीनं बांधलेला सर्व्हर

सर्व्हरची केबल सुतळीनं बांधलेली तुम्ही कधी बघितलीय? मी बघितली, अंथुर्ण्याच्या एका डेअरीत कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलो तेव्हा. गबाळं दिसतं म्हणून मी सुतळी कापली आणि बारामतीला परत आलो. तासाभरात फोन आला, नेटवर्क गेलंय आणि माणसं दुधाच्या किटल्या घेऊन रांगेत उभी आहेत.

पुन्हा गेलो. सगळी सेटिंग तपासली, काही सापडेना. दारात डेअरीचे म्हातारे शिपाई तात्या उभे होते. ते हळूच म्हणाले, "सायेब, त्या केबलच्या पिनची क्लिप मोडलीया. ती निसटती म्हणून वासरू बांधताना मारतो तशी गाठ मारली हुती मी. तुमी कापली."

मी खाली मान घालून नवी पिन बसवली. तात्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजी आता गाठीचं काम न्हाय? रोज दूध यायच्या आदी मी ती आवळायचो."

"काम आहे की, तात्या. हा दिवा हिरवा आहे का बघायचं आणि मला फोन करायचा."

तेव्हापासून रोज पहाटे फोन येतो. "हिरवा हाय, सायेब. झोपा."

सर्व्हर चालू आहे की नाही ते मला मोबाइलवर दिसतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.