शाल पिशवीतच राहू द्या

आजच्या समारंभाचे आणि आपल्या मंडळाचेही अध्यक्ष आदरणीय बन्सीलालभाऊ, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आपल्या मराठी शाळेचे विज्ञानशिक्षक धम्मरत्न बिऱ्हाडे सर, त्यांच्या पत्नी निशाताई, व्यासपीठावरील मान्यवर, शाळेतील सहकारी, पांडेसऱ्याहून पाळी बदलून आलेले पालक, कोसाड वसाहतीतील बंधुभगिनींनो आणि मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनो, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी योगेंद्र. शाळेत मराठी शिकवतो आणि मंडळाचा चिटणीस आहे. निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणानंतर ‘शाल व श्रीफळ देऊन सत्कार’ असं छापलं आहे. ती पत्रिका मीच छापून आणली. सरांनी मात्र यायला होकार देताना एकच अट घातली होती. मला काही देऊ नका.

ही अट मी मागच्या आठवड्यात बैठकीत सांगितली. बन्सीलालभाऊ, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही म्हणालात, “अरे योगेंद्र, कापडाच्या गावातून माणूस उघडाच पाठवायचा? लोक म्हणतील, सुरतेत राहून यांना एक शाल मिळाली नाही.” सगळे हसले. मग कोणी म्हणालं, सर संकोची आहेत, ऐन वेळी खांद्यावर टाकली की घेतील. तसं ठरलं. शाल आता टेबलाखालच्या पिशवीत आहे. मला इथून दिसते.

सर संकोचाने नाही म्हणालेले नाहीत. का म्हणाले, ते सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही. सांगू का, असं मी काल सरांना विचारलं. ते म्हणाले, “तुमच्या घरची गोष्ट आहे. तुम्ही ठरवा.”

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक दिवस मोकळा गेला. आपले गुजराती शेजारी त्याला धोको म्हणतात. त्या दिवशी संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. गिरण्या बंद, धुराडी थंड, आकाश क्वचित असतं तसं स्वच्छ. गावी न गेलेल्या मुलांना सरांनी शाळेच्या अंगणात बोलावलं आणि निरोप दिला की येताना प्रत्येकाने घरून धान्याची चाळणी आणावी. सूर्याकडे थेट बघायचं नसतं. चाळणी उन्हात धरली की तिच्या प्रत्येक भोकातून भिंतीवर एक सूर्य उमटतो.

माझी मुलगी नूतन घरी आली आणि आजीला म्हणाली, “सरांनी चाळणी मागितली आहे.”

माझी आई सरलाबाई साक्रीकडची. ग्रहणाच्या दिवशी कोण मागायला येतं आणि काय मागतं, हे तिला लहानपणापासून माहीत. इथल्या तरुणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. सूर्याला गिळणारे राहू-केतू आपल्याकडे खालच्या जातीचे मानले जात. म्हणून ग्रहण लागलं की त्या जातींची माणसं ‘दे दान, सुटे गिऱ्हान’ अशी हाक देत दारोदार यायची. गाव त्यांच्या फडक्यात लांबून धान्य टाकायचं. सूर्य सुटावा म्हणून.

आईने चाळणीत ज्वारी भरली. वर तिचं जुनं लुगडं घडी करून ठेवलं. नातीला म्हणाली, “सरले सांग, गिऱ्हाननं दान शे.”

तिचं बघून आमच्या मजल्यावरच्या आणखी दोन-तीन घरांनी तेच केलं. बन्सीलालभाऊ, त्यातली एक चाळणी तुमच्या घरची होती. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसावं.

मी तेव्हा आतल्या खोलीत झोपलो होतो. हे सगळं आणि पुढचंही मला नंतर नूतनने सांगितलं. तिने सगळ्या मुलांसमोर चाळणी पुढे केली आणि पाठ केल्यासारखं मोठ्याने म्हणाली, “सर, आजीने ग्रहणाचं दान पाठवलंय.” तिला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आठवीतल्या एका मुलाला माहीत होता. तो हसला.

सरांनी वर्तमानपत्र पसरलं. ज्वारी त्यावर ओतली. लुगडं उचलून खुर्चीवर ठेवलं. मग रिकामी चाळणी नूतनच्या हातात देऊन म्हणाले, “भिंतीकडे धर. तिरपी नको.” शाळेच्या पिवळ्या भिंतीवर सूर्यच सूर्य उमटले आणि प्रत्येकाचा कोपरा खाल्लेला होता.

त्यानंतर त्यांनी शिकवलं. पंधराशे वर्षांपूर्वी आर्यभटाने ग्रहण म्हणजे सावली असं लिहून ठेवलं, इथून सुरुवात केली. कागदावरचा ज्वारीचा एक दाणा उचलून एका मुलाच्या तळहातावर ठेवला. ही पृथ्वी धरली तर सूर्य केवढा? मुलांनी हात पसरले. सर म्हणाले, पाण्याच्या हंड्याएवढा, आणि तो तिकडे फाटकापाशी. त्याच्या सर्वांत जवळचा दुसरा हंडा, म्हणजे दुसरा तारा, कुठे ठेवाल? कोणी म्हणालं अमरोली, कोणी मुंबई. सर म्हणाले, अमेरिकेत.

मग माणसाला हे कसं कळत गेलं, ते सांगितलं. आधी वाटायचं, पृथ्वी मधोमध आहे आणि बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. कोपर्निकसने सूर्य मध्ये ठेवला. ते पटायला शंभर-दीडशे वर्षं गेली. पुढे सूर्यालाही जागा सोडावी लागली. एका बाईंनी आकाशाच्या फोटोंच्या काचा तपासता तपासता शोधलं की काही तारे ठरावीक काळाने उजळतात आणि मंद होतात, आणि त्या काळावरून त्यांचं खरं तेज समजतं. खरं तेज समजलं की अंतर काढता येतं. अंतरं काढली तेव्हा दिसलं की आपला सूर्य आकाशगंगेच्या मध्यापासून फार लांब आहे, कडेकडेला. मग थोड्याच वर्षांत कळलं की आपली आकाशगंगाही एकटी नाही. तशा अगणित आहेत.

एका मुलीने विचारलं, “मग सर, मध्ये कोण आहे?”

“कोणी नाही.”

“आणि वर?”

“वर-खाली असंही तिथे काही नाही. ते आपण जमिनीवर उभे असतो म्हणून वाटतं.”

नूतन घरी आल्यावर मला आधी एवढंच म्हणाली, “पप्पा, सर रागावले नाहीत. पण त्यांनी ज्वारी परत दिली.” ज्वारीची पिशवी तिच्या हातात होती, वर लुगडं. आईने ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. “दान परत येस का?” म्हणाली. शेवटी ती ज्वारी गॅलरीत कबुतरांनी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, मी सरांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं. म्हणाले, “या योगेंद्रभाऊ. चहा चालेल, की तुमचं ग्रहण अजून सुटलं नाही?”

मी म्हणालो, “सर, आई म्हातारी आहे. जुन्या वळणाची आहे.”

“हे सांगायला आलात?”

निशाताईंनी चहा आणला. मी तो प्यालो. मग सर म्हणाले, “माझे आजोबा ती हाक देत फिरायचे. वडिलांनी हाक द्यायची नाही असं ठरवलं आणि सुरतेच्या मिलमध्ये आले. मी या देशात कोणाच्या दारी काही मागितलेलं नाही. काल चाळणी मागितली.”

विश्वात आपली जागा कुठे, हे समजायला माणसाला हजारो वर्षं लागली. मग माझ्या आईला थोडा वेळ द्या. असं वाक्य मी या भाषणासाठी लिहिलं होतं. मराठीच्या मास्तराला अशी वाक्यं लवकर सुचतात. काल ते मी सरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “सूर्याचं काय, त्याला मध्ये ठेवा नाहीतर कडेला, तो तापतच राहतो. वाट बघावी लागते ती माणसाला.” मी वाक्य खोडलं.

मला असंही सांगता आलं असतं की आईला पश्चात्ताप झाला. ते खोटं ठरेल. ती इथे तिसऱ्या रांगेत बसली आहे. आज निघतानाही म्हणाली, “त्यासनी मांगं, मी भरीसन दिधं. मनं काय चुकनं?” मी मुलांना तीस वर्षं मराठी शिकवतो आहे. माझ्या आईला तिच्याच बोलीत हे कसं सांगायचं, ते मला येत नाही.

म्हणून, अध्यक्ष महोदय, माझी विनंती आहे. शाल पिशवीतच राहू द्या. तुमच्या मनात आदर आहे, हे मला माहीत आहे. पण या वसाहतीतून सरांच्या हातात पुन्हा कापड आणि पुन्हा खाण्याची वस्तू ठेवली जाईल, आणि आपण टाळ्या वाजवू. सरांना ते मुकाट घ्यावं लागेल. या महिनाअखेर ते निवृत्त होऊन भेस्तानला मुलाकडे राहायला जात आहेत. जाता जाता त्यांच्यावर ती वेळ आपण आणू नये.

समारंभासाठी सभागृह देणाऱ्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्या मुलांचे, चहाची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनींचे आणि हे सगळं शांतपणे ऐकून घेतलंत म्हणून आपणा सर्वांचे मंडळातर्फे आभार मानतो. भाषण लांबलं, कुठे शब्द कमीजास्त झाला, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं, तर सभेने मला क्षमा करावी.

सरांकडे मात्र मी क्षमा मागत नाही. मागितली, तर एवढ्या लोकांसमोर त्यांना ती द्यावी लागेल.