एका चांदणीची डॉक्टरीण

मोबाइलवर आपल्याला एकेकच स्टार देणारा वैरी कोण, या विचाराने पिंप्राळ्याच्या डॉक्टर हर्षिताची झोप उडाली होती. आज तोंडाला रुमाल गुंडाळून ती धुळ्याच्या बसमध्ये बसली, तर पुढच्याच बाकावर तिच्या पेशंट पार्वताअक्का जावेशी बोलत होत्या.

"गुडघा कसा शे, अक्का?"

"झकास! आता जिना बी चढस मी. हर्षिताबाई एक नंबर डॉक्टर शे!"

"पन मोबाइलमा तर तिले एकच चांदनी शे."

"मीच दिधी ना! एक नंबर, म्हनीसन एक. आख्खा भजनी मंडळले बी मीच सांगं, एकच द्या."

"आनि तिना दवाखानासमोरना डॉक्टरले पाच?"

"त्या बी आम्हीच दिध्यात. मना गुडघा त्यानीच बिघाडा ना! पाचवा नंबर बी त्याले जास्तच शे."