कापसात घालायचा टी-शर्ट

साडीवर कवटीचा काळा टी-शर्ट घातलेल्या बाईला पाचोडच्या बसची सगळी रांग हसत होती. तिच्या मागचा कॉलेजवाला मात्र हसला नाही.

“मावशी, या बँडचा टी-शर्ट तुमच्याकडं कसा?”

“लेकाचा हाय. कापूस वेचताना घालते, बाह्या लांब हायेत, हात खरचटत नाय.”

“यांच्या पहिल्या अल्बमवरच मी बारावीचं वर्ष काढलं.”

“त्यानं बी तेच लावलं व्हतं. मी स्पीकर हिरीत टाकला. तवाच घर सोडून गेला. अजून फोन नाय.”

“कुठंय काही कळलं?”

“नाय. त्या गाण्यात ते बोंबलतंय काय, सांग तरी.”

“घरी जायचंय म्हणतोय, मावशी.”

“खरं, का माझं मन राखतोस?”

“खरंच.”

“लाव मग. आवाज वाढव.”