एक हजार सातचा मालक

...न्हाय, पण माझं काय चुकलं? तुम्हीच सांगा! माणूस वारला, बाराव्याचं जेवण झालं, दुसऱ्या दिवशी कामावर आलो आणि सर्व्हरवरचं त्याचं अकाउंट काढून टाकलं. काढायलाच पायजे की वो! उद्या कोण त्याच्या नावानं आत शिरलं म्हंजे? पण तवापासनं, तुम्हाला सांगतो, दुपारी एक वाजून दहा मिनिटं झाली की हातातला घास हातातच ऱ्हातोय माझा.

मी नागेंद्र. खानापुरासनं रोज येऊन-जाऊन करतो. वडगावात मागवाल्यांनी मिळून एक डिझाइन सेंटर काढलंय, साडीचे काठ-पदर कॉम्प्युटरवर काढायचे आणि फाइल मागावर पाठवायची. तिथला लिनक्सचा सर्व्हर माझ्या गळ्यात. कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठली फाइल उघडंल, कुणी किती जागा खायची, सगळं मी बघायचं. जागेचा कोटा ठरलेला, माणशी पाच जीबी. त्याच्या वर गेलात की सात दिवसांची मुदत, आणि मुदत संपली की सर्व्हर तुमचं एक अक्षर घेत न्हाय, मग रडा न्हायतर पडा!

तर वारले ते रवळूअण्णा. सेंटरातला सगळ्यात जुना हात. उभा जन्म चौकटीच्या कागदावर काठ काढण्यात गेला. "त्या डबड्याला मी शिवणार न्हाय बघ नागू!" असं म्हणत म्हणत शेवटी शिवले, सगळ्यांच्या मागनं, म्हणून त्यांना शेवटचा नंबर मिळाला. एक हजार सात. आता हितंच तर घोळ हाय! तुम्ही आत जाताना नाव टाकता, 'रवळू', पण मशीनला नाव कळत न्हाय, नंबर कळतो! फाइलीवर मालक म्हणून नोंद असते ती एक हजार सात, बास. मी नाव पुसलं. फाइली तशाच ठेवल्या, कारण काठ पुढंमागं लागतील कामाला. आणि नंबर झाला मोकळा... ते काय माझ्या ध्यानात आलं न्हाय.

महिन्याभरानं आली पारमिता. निपाणीची पोरगी, आईनं बिड्या वळून शिकवलेली, घरातली पहिलीच कॉम्प्युटरवरची नोकरी. मी तिचं नवं अकाउंट उघडलं. तिनं खुर्चीवर बसून चष्मा पुसला, आणि समोर अक्षरं... जागा संपली, सात दिवसांच्या मुदतीतले चारच उरले! "सर, मी अजून एक बटन दाबलं न्हाय वो!" मी म्हटलं, दाबलं असशील गं चुकून. काय बोललो बघा मी! पाच जीबी काय चुकून दाबतंय कोण?

तेवढ्यात तिनं एक फोल्डर उघडलं, आणि मागं उभ्या आमच्या मंगलआक्का. सेंटरच्या इनचार्ज. बाई बोलायला लागली की शेजारचे माग ऐकू येत न्हाईत. "अगं बाई! हे रवळूअण्णाचं कपाट! ह्याला मालकाशिवाय कुणाचा हात लागत न्हाय, मला सुद्धा उघडत नव्हतं हे! तुला कसं उघडलं गं? आणि सगळ्या फाइलींवर तुझं नाव? चोरलंस व्हय?" पोरगी पांढरीफटक. "मॅडम, मी आजच आलेय." "आजच येऊन एवढं! शनिवारी चेअरमन येणार हाईत, तवर उलगडा झाला न्हाय तर तुझी पिशवी उचलायची आणि निपाणीची गाडी धरायची!"

आणि मी? मला त्याच मिनिटाला कळलं वो सगळं. शेवटचा नंबर मोकळा झालता, सर्व्हरनं तोच उचलून हिला दिला. मशीनला नाव कळत न्हाय, नंबर कळतो! त्याच्या लेखी रवळूअण्णा कुठं गेलेच न्हाईत, नुसतं नाव बदलून परत कामावर आलेत. एवढं एक वाक्य मंगलआक्काला सांगायचं होतं. न्हाय सांगितलं. माझी चूक, माझी नोकरी, घाबरलो. उद्या गुपचूप दुरुस्त करू, म्हटलं, आणि चहा प्यायला गेलो. लाज वाटती आता सांगताना.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला बसलो, तर फाइलींच्या तारखा दिसल्या. सगळ्यात नवी फाइल... कालची! दुपारी एक वाजून दहा मिनिटं. तिच्या आधीची परवाची, एक दहा. त्याच्या आधीची... अहो, माणूस जाऊन दीड महिना झाला, आणि फाइली रोज येत्यात! मग शोधलं, तर अण्णांनी जायच्या आधी एक प्रोग्राम चालू करून ठेवलेला. रोज जेवायच्या सुट्टीत, चालू असलेल्या काठाची कॉपी काढून ठेवायची. हात्तिच्या! एवढंच व्हय! त्यानं तर कोटा भरला! हसलो एकटाच. प्रोग्राम मारला, मेला. तुम्हाला सांगतो, आमच्यात प्रोग्राम बंद करायला 'मारला'च म्हणतात, मी काय वेगळं केलं न्हाय.

मग सहज म्हणून त्या कॉप्या उघडल्या. रुईफुलाचा काठ. पहिल्या फाइलीत फुलं चाळीस. दुसरीत एक्केचाळीस. तिसरीत बेचाळीस... कॉपी म्हंजे कॉपी की वो! कॉपीत फूल कुठनं वाढंल? मी चष्मा काढला, पुसला, परत मोजली. वाढत्यातच! मग त्या फाइलींना हात लावायची हिंमत झाली न्हाय, दुरुस्ती तशीच ऱ्हायली.

शुक्रवारी मुदत संपली. पारमितानं लग्नसराईच्या ऑर्डरीचा पदर सकाळपासनं काढलेला, साठवायला गेली तर फाइल शून्य. एक टिपका घेतला न्हाय सर्व्हरनं. ती रडली न्हाय, नुसती बघत बसली, ते जास्त वाईट. आणि तेवढ्यात करंट गेला. सगळ्या गल्लीतले माग एकदम थांबले. वडगावात माग थांबल्यावर काय होतंय म्हाईताय? स्वतःचं पाणी गिळलेलं ऐकू येतंय! सेंटरात नुसता बॅटरीवरचा सर्व्हर आणि त्याचा पडदा जागा. मी घड्याळ बघितलं. एक वाजून नऊ. मंगलआक्का सुद्धा गप! आणि आतनं आवाज आला... किर्र, किर्र, किर्र. डिस्क फिरली. कायतरी लिहिलं.

प्रोग्राम मारलेला! कोटा भरलेला! जित्या पोरीची फाइल घेत न्हाय, आणि ह्याची घेतो? उघडली फाइल. अठ्ठ्याण्णव फुलं.

माझ्या तोंडातनं आपोआप सगळं बाहेर पडलं. "आक्का, पोरीनं काय चोरलं न्हाय. अण्णांचा नंबर मी तिला दिला. मशीनला नाव कळत न्हाय, नंबर कळतो! मला पहिल्या दिवशीच कळलंतं, मी गप बसलो." मंगलआक्का कधी न्हाय ते हळू बोलल्या, "आणि आत्ता ते फूल कुणी काढलं रं नागू?" पारमिता माझ्याकडं बघत म्हणाली, "सर, चार दिवस झाले मला जेवण जात न्हाय. आईला फोनवर खोटं बोलतेय मी." ते फुलापेक्षा जास्त लागलं बघा मला.

मग बसलो आणि पोरीला नवा नंबर दिला, एक हजार आठ, कोरा करकरीत. पदर परत काढला तिनं, बसला. आक्कांनी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. पण एक हजार सातचं काय करायचं? पुसायचा माझा हात होईना. आक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्यांचं त्यांना काढू दे." मग अण्णांचं अकाउंट त्याच नंबरावर परत उघडलं, त्यांच्या फाइली त्यांच्या नावावर, वर दोन जीबी जास्त दिले. कुणाला त्रास नको म्हणून, दुसऱ्यांच्या फाइली उघडायची परवानगी असते त्या ग्रुपातनं तेवढं बाहेर ठेवलं.

आता आमचे चेअरमन नवीन. रवळूअण्णांना त्यांनी बघितलेलं न्हाय. शनिवारी आले, सर्व्हरवरची यादी मागितली, बोट फिरवत आले आणि थांबले. "हे रवळू कोण हो? रोज काम, रविवारी सुद्धा! एक दिवसाचा खाडा न्हाय! सेंटरात तर दिसत न्हाईत?" मंगलआक्कांनी माझ्याकडं बघितलं, मी भिताडाकडं बघितलं. म्हटलं, "सायेब, ते... घरनं काम करतात."

"अशी माणसं पायजेत! सोमवारी पारमिताचा ट्रायलचा आठवडा संपतोय, तिला कायम करायची मीटिंग हाय, त्यांनाबी बोलवा!"

न्हाय म्हणून करतोय काय? नोटीस टाकली सगळ्यांना सर्व्हरवर. काल दुपारी बघितलं, कुणी कुणी उघडली. बाकीच्या एकानं सुद्धा उघडली न्हाय, आळशी लेकाचे. एकट्यानं उघडलीय, एक वाजून दहाला... मी आपली एक खुर्ची जास्त सांगून ठेवलीय.